जादूची किंमत कोण मोजतो : आजच्या काळातल्या मोहिमेसाठी नियमसंचाची निवड

रोल-प्लेइंग खेळात चार-पाच जण एकत्र बसून एकच गोष्ट तोंडी रचतात. त्यांतला एक गेम मास्टर असतो. जग, प्रसंग आणि वाटेत भेटणारी बाकीची सगळी माणसे त्याच्याकडे असतात. इतरांकडे एकेक पात्र असते. पात्र काय करू पाहते ते खेळाडू सांगतो, आणि ते साधले की फसले हे नुसत्या बोलण्याने ठरत नसेल तेव्हा फासे टाकले जातात. कोणते फासे, किती, कोणत्या आकड्याला काय घडायचे, हे ज्या पुस्तकात असते तो नियमसंच. तीच पात्रे घेऊन गोष्ट अनेक बैठका चालली की ती मोहीम, खेळाडूंच्या बोलीत कॅम्पेन.

मोहीम आजच्या काळातली असेल आणि तिच्यात जादू खरी असेल, तर नियमसंच निवडणे एरवीपेक्षा अवघड जाते. कल्पित राज्यांच्या मोहिमेत जग कोणालाच माहीत नसते, म्हणून तलवारीपासून धर्मशाळेच्या भाड्यापर्यंत सगळे पुस्तकच सांगते. आजच्या काळाचे तसे नाही. लोकलचा पास, तलाठ्याची सही, पोलीस चौकीतला बाक हे टेबलावरच्या प्रत्येकाला पुस्तकापेक्षा जास्त ठाऊक असते. पुस्तकाने सांगायचे उरते ते एवढेच, की जी गोष्ट खऱ्या जगात नाही ती इथे कशी चालते. त्यातही मंत्रांची यादी दुय्यम. जादूची किंमत काय आणि ती कोण मोजतो, याचे नियमसंच जे उत्तर देतो त्यावर मोहिमेचा स्वभाव ठरतो. किंमत जादूगाराच्या अंगातल्या ताकदीतून वजा होत असेल तर साहसकथा तयार होते. ती त्याच्या मनातून किंवा घरच्या नात्यांतून वसूल होत असेल तर शोकांतिका होते. आणि ती गावाने, नदीने किंवा तिसऱ्याच कोणी मोजायची असेल तर गोष्ट न्याय-अन्यायाकडे वळते.

हा फरक एखादी ठरावीक जागा समोर ठेवली की नीट दिसतो. मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर खर्डी आणि कसारा यांच्यामध्ये उंबरमाळी हे छोटे स्थानक आहे. ठाणे जिल्ह्याचा शहापूर तालुका इथे सह्याद्रीला भिडतो. कसाऱ्यापुढे थळ घाटातली रेल्वे १८६५ साली सुरू झाली; दर ३७ फुटांना १ फूट असा तिचा चढ, आणि तो चढायला कसाऱ्यात गाड्यांना मागून जास्तीची इंजिने लावतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला; त्याचा सुमारे ८ किलोमीटरचा जुळा बोगदा याच डोंगरांच्या पोटातून जातो. १८९२ सालचे तानसा धरण याच तालुक्यात आहे आणि भातसाही. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांच्या एकूण साठ्यातला जवळपास निम्मा साठा एकट्या भातसाचा. त्याच तालुक्यातल्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. शेजारच्या मुरबाडात पौष पौर्णिमेला म्हसोबाची म्हसा यात्रा भरते आणि तिथला जनावरांचा बाजार दूरवर ओळखला जातो. पाण्याच्या काठी साती आसरा, रानाच्या शिवेवर वाघोबा, रात्रीच्या वाटेवर चकवा, अशी इथल्या लोकसमजुतीची मांडणी आहे. यातले काही पोथीत किंवा जादूगाराच्या झोळीत नाही. ते जागांमध्ये आहे. आणि पाण्याचा हिशेब आधीच असा आहे की देणारा एक आणि पिणारा दुसरा. किंमत कोण मोजतो हा प्रश्न नियमसंचाला विचारायला याहून चांगली जमीन मिळणे कठीण.

बहुतेक टेबले सुरुवात डन्जन्स अँड ड्रॅगन्सने करतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ साली आणलेला हा खेळ या साऱ्या प्रकाराचा मूळपुरुष. त्याची पाचवी आवृत्ती २०१४ ची, आणि तिचा पायाभूत मजकूर जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. तो फुकट मिळतो आणि कोणालातरी येत असतोच, ही त्याची मोठी सोय. आजच्या काळासाठी त्याचे रूपांतरही झाले आहे: २००२ सालचे डी-ट्वेंटी मॉडर्न आणि पुढच्या वर्षीचे त्याचे जादूचे पुस्तक अर्बन आर्केना. अडचण आहे ती पायातच. जॅक व्हान्सच्या कथांवरून घेतलेल्या इथल्या जादूत मंत्रांच्या ठरावीक जागा असतात. वापरल्या की रिकाम्या होतात, रात्रभर विश्रांती घेतली की भरतात. म्हणजे किंमत एका झोपेची. शिवाय पात्र पातळी चढते तसे त्याचे प्राणांक, म्हणजे मार सोसण्याचे माप, वाढत जातात आणि दहाव्या पातळीच्या माणसाला हवालदाराच्या बंदुकीची भीती उरत नाही. बोगद्यात राक्षसांशी झुंजायचे असेल तर हे सगळे फार मजेचे आहे. पण जिथे पोलीस, तहसील आणि वर्तमानपत्र खरे आहेत तिथे अशी पात्रे जगापेक्षा मोठी होतात आणि जगाचा धाक संपतो. आजच्या काळातल्या जादूला जगाचा धाकच तर हवा असतो. म्हणून केवळ सवयीचा आहे या कारणाने हा संच निवडू नये.

शेकड्यावर चालणारे संच या कामाला जास्त जवळचे. त्यांचे मूळ केऑसियम या संस्थेच्या बेसिक रोलप्लेइंगमध्ये आहे, आणि त्यांतला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे सँडी पीटरसनचा १९८१ सालचा कॉल ऑफ कथुलू. पात्राला पोहणे शेकडा ४० येत असेल तर दोन दहाबाजू फासे टाकून ४० किंवा त्याखाली आकडा पडला पाहिजे. एवढे सांगितले की शाळकरी मुलालाही खेळ समजतो, आणि ‘माझी शक्यता किती’ हा प्रश्न कोणाला विचारावा लागत नाही. पात्रे साधी, गोळी लागली की मरणारी. जादू इथे किंमत मागते ती शहाणपणाच्या आकड्यातून. मंत्र म्हटला की तो घटतो, आणि गूढ ज्ञान जितके वाढेल तितकी त्या आकड्याची कमाल मर्यादाच खाली येते. जाणणे हेच नुकसान, असा हा हिशेब. त्याच्या आधुनिक शाखेत, डेल्टा ग्रीनमध्ये, किंमत आणखी घरात शिरते. तिथे पात्राची बायको, आई, जुना मित्र ही नाती आकड्यांनी लिहिलेली असतात. मनावरचा आघात सोसवेना तर खेळाडू तो एखाद्या नात्यावर ढकलू शकतो, आणि ते नाते तेवढे झिजते. खर्डीहून रोज पहाटेची लोकल धरून मुंबईत नोकरी करणारे पात्र, ज्याला घरी रात्रीचे काही सांगता येत नाही, त्याच्यासाठी हा नियम जणू बेतून केला आहे. मात्र कॉल ऑफ कथुलूचे आणि डेल्टा ग्रीनचे विश्व माणसाला मुळात परके आहे. साती आसरांना ओटी भरणाऱ्या गावाचा आणि पाण्याचा संबंध परकेपणाचा नसतो. तिथे भीतीबरोबर जिव्हाळा आहे, नवस आहे, रुसवा आहे. केवळ भयाचा संच तो पकडू शकत नाही.

ही उणीव त्याच घराण्यातला एक नवा संच भरून काढतो. बेन आरोनोविच यांच्या रिव्हर्स ऑफ लंडन या कादंबरीमालेवर केऑसियमने २०२२ साली त्याच नावाचा खेळ काढला. लंडन पोलिसांची एक छोटी, फारशी कोणाला माहीत नसलेली शाखा जादूचे गुन्हे तपासते, आणि थेम्स व तिला मिळणाऱ्या नद्या या चालत्याबोलत्या देवता आहेत, माणसांसारख्या मानापमानाच्या आणि हद्दीच्या भांडणांच्या. नियम बेसिक रोलप्लेइंगचेच, पण हलके केलेले. जादू शिकावी लागते, वर्षे लागतात. अति केली तर मेंदूला इजा होते. शिवाय जवळच जादू झाली की मोबाइलच्या आतली चिप जळते. हा शेवटचा नियम किरकोळ वाटतो, पण आजच्या काळातल्या मोहिमेची जुनी डोकेदुखी तो मिटवतो. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना जादू गुप्त राहते कशी, याचे उत्तर त्यातच आहे, आणि ते उत्तरही पुन्हा किमतीच्याच रूपात आहे.

लंडनच्या जागी भातसा, तानसा आणि वैतरणा ठेवल्या की हा संच उंबरमाळीला किती बसतो ते दिसते. धरणात अडवलेली नदीदेवता, जिच्या पाण्यावर शंभर किलोमीटर लांबचे शहर उभे आहे. धरणाखाली गेलेल्या घरांची आठवण ठेवणारी तिची धाकटी बहीण. शहराचा माणूस आला की कोणी मान द्यायचा आणि कोणी जाब विचारायचा यावरचा त्यांचा वाद. तपासाची चौकट असल्यामुळे गेम मास्टरला प्रत्येक बैठकीला नवा प्रसंग शोधावा लागत नाही, प्रकरण आपोआप पुढे सरकते. बदल एकच करावा लागेल. मूळ खेळातली पात्रे बहुतेक सरकारी यंत्रणेच्या बाजूची असतात. इथे तो गट पोलीस, पाड्यावरची शिक्षिका, पाटबंधारे खात्यातला कनिष्ठ अभियंता, जुन्या वाटा ओळखणारी ठाकूर बाई असा मिसळलेला असावा; नाहीतर नदीशी होणारी सगळी बोलणी सरकारच्याच तोंडून होतील.

शेकड्याच्याच जातीचा, पण स्वभावाने अगदी निराळा संच म्हणजे ग्रेग स्टोल्झ आणि जॉन टाइन्स यांचा १९९८ सालचा अननोन आर्मीज. त्यात जादू येते ती वेडातून. एखाद्या गोष्टीचा माणसाला इतका ध्यास लागतो की जग त्याच्या ध्यासापुढे वाकते. पैशाच्या ध्यासाने जादू करणारा पैसा साठवून शक्ती मिळवतो आणि मोठा खर्च केला की ती गमावतो. प्रत्येक पंथाला असे व्रत आणि असा निषेध. महामार्ग, गोदामे आणि भूखंड यांमुळे जमिनीला भाव आलेल्या शहापुरात सात-बाराच्या उताऱ्यांचा ध्यास घेतलेला जादूगार रचता येईल: दुसऱ्याच्या नावावरची जमीन जितकी आपल्या कागदावर येईल तितकी त्याची शक्ती, आणि एक गुंठा जरी परत केला तरी सगळी रिती. मनावरचे आघातही इथे एकाच आकड्यात मोजत नाहीत. हिंसा, अमानवी अनुभव, असहायता, एकटेपण आणि स्वत्व अशी पाच निराळी मापे आहेत, आणि माणूस त्या त्या बाबतीत कोडगा होत जातो. बुद्धीच्या बाबतीत या संचाची बरोबरी दुसऱ्या कोणाला नाही. पण तो प्रौढ, परस्परांना ओळखणाऱ्या टेबलासाठी आहे. मोहीमही लांबवू नये. ध्यासाने माणसे लवकर संपतात.

आजच्या काळातली जादू म्हटले की जुने खेळाडू सर्वांत आधी मेज द असेन्शनचे नाव घेतात. व्हाइट वुल्फ संस्थेने तो १९९३ साली काढला, व्हॅम्पायर द मास्करेडच्या दोन वर्षांनंतर. त्याची कल्पना खरोखर मोठी आहे. बहुसंख्य लोक ज्यावर विश्वास ठेवतात तेच वास्तव. जादूगार त्या सामूहिक समजुतीविरुद्ध जातो, आणि जितक्या उघडपणे जातो तितका विरोधाभास त्याच्यावर साचून एक दिवस उलटतो. शक्तीची नऊ क्षेत्रे आहेत आणि मंत्रांची यादी नाही. काय करायचे ते खेळाडू त्या क्षेत्रांतून स्वतः जुळवतो. योगायोग वाटेल असे घडवले तर सोपे, लोकांदेखत निसर्गनियम मोडला तर कठीण. या नियमाने कल्याणच्या फलाटावरची जादू आणि उंबरमाळीच्या पाड्यावरची जादू एक राहत नाही. जिथे भगताचे म्हणणे सगळ्यांना पटते तिथे त्याचे काम सहज होते, आणि शहरातून लॅपटॉप घेऊन आलेला जादूगार तिथे अडखळतो.

पण महाराष्ट्रात हा संच वापरण्याआधी एक गोष्ट नीट पाहायला हवी. मूळ खेळात जादूगारांचे शत्रू म्हणजे विज्ञान आणि यंत्रे यांच्या जोरावर जगाला एकाच वास्तवात बांधणारी संघटना. ती चौकट जशीच्या तशी इथे आणली तर अंधश्रद्धा निर्मूलनासाठी गावोगाव फिरणारा कार्यकर्ता आपोआप खलनायकांच्या रांगेत उभा राहतो. ज्या राज्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, तिथे ही मांडणी नकळतही होऊ देणे योग्य नाही. पुढच्या आवृत्त्यांनी त्या संघटनेच्या बाजूनेही खेळण्याची सोय केली आहे. ती वापरावी, किंवा २००५ सालचा मेज द अवेकनिंग घ्यावा. त्याच्यात शक्तीची क्षेत्रे दहा आहेत, चौकट जास्त बांधीव आहे आणि विज्ञानाशी वैर नाही. दोन्ही संच नवख्या टेबलाला जड जातात. प्रत्येक जादूच्या वेळी खेळाडू आणि गेम मास्टर यांच्यात घासाघीस होते. ज्यांना ती आवडते त्यांना हाच खेळ, बाकीच्यांची बैठक त्यातच संपते.

सर्वसाधारण म्हणवणाऱ्या संचांबद्दल थोडक्यात सांगता येते. स्टीव्ह जॅक्सन गेम्सचा गर्प्स १९८६ चा, चौथी आवृत्ती २००४ ची. तीन फासे टाकून कौशल्याच्या आकड्याइतके किंवा त्याखाली यायचे. १० असेल तर शक्यता निम्मी, १२ असेल तर जवळपास शेकडा ७४, १४ असेल तर ९० च्या वर. त्याची एक कल्पना मात्र उचलण्यासारखी आहे: जादूची पातळी माणसाची नसून जागेची असते. एखादी जागा जादूला निर्जल, एखादी साधारण, एखादी ओसंडणारी. देवराईत मंत्र सहज लागेल, धरणाच्या काँक्रीटवर लागणारच नाही, असे नकाशावर रंगवता येते. बाकी गर्प्स पात्र बनवण्यातच एक संध्याकाळ खातो. सॅव्हेज वर्ल्ड्स, २००३ चा, त्याच्या उलट भरधाव आहे आणि पाठलाग-मारामारीत रमतो. एकच शक्ती मंत्र म्हणून, भंडारा उधळून किंवा मोबाइल ॲप म्हणून रंगवता येते. पण किंमत त्याच्यात नुसती गुणांची वजाबाकी.

फेट या संचाचा मार्ग वेगळा आहे. इव्हिल हॅट संस्थेने २०१० साली जिम बुचर यांच्या कादंबऱ्यांवर फेटच्याच नियमांनी द ड्रेस्डेन फाइल्सचा खेळ दोन खंडांत काढला, आणि २०१३ साली फेट कोअर ही नेटकी आवृत्ती आली, तिचा मजकूर आज खुला आहे. पात्राचे, जागेचे, प्रसंगाचे सत्य इथे एकेका वाक्यात लिहितात: ‘आजोबांची जमीन पाण्याखाली आहे’, ‘घाटात नेटवर्क मिळत नाही’. नियतीचे गुण खर्चून ते वाक्य आपल्या बाजूने वापरायचे. तेच वाक्य आपल्याला नडू दिले की गुण परत मिळतात. ड्रेस्डेनच्या खेळात किमतीचा नियम फार विचारपूर्वक केलेला आहे. प्रत्येक अमानवी शक्ती घेताना या गुणांचा साठा कायमचा घटतो, आणि तो संपला की पात्र खेळाडूच्या हातून जाते. ज्याच्याकडे सगळी शक्ती आहे त्याच्याकडे इच्छा उरलेली नाही. दुसरी जमेची बाजू म्हणजे पात्रांच्या आधी सगळ्यांनी मिळून परिसर रचायचा: इथे कशाची भीती आहे, कोणत्या जागा महत्त्वाच्या, त्या प्रत्येक जागेचा चेहरा म्हणजे कोण माणूस. शहराऐवजी शहापूरपासून कसाऱ्यापर्यंतचा पट्टा घेतला तर माहुली किल्ला, धरणाची भिंत, रेल्वेची वसाहत, आश्रमशाळा, आठवडे बाजार या सगळ्यांना एकेक माणूस मिळतो आणि पहिल्या बैठकीतच मोहीम उभी राहते. खेळाडू बोलके आणि लिहिते असतील तर लांब मोहिमेसाठी फेटला तोड नाही. गप्प बसणाऱ्या, फासे पडले की खूश होणाऱ्या टेबलावर मात्र तो कोरडा पडतो.

व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या २०१० सालच्या अपोकॅलिप्स वर्ल्डपासून निघालेल्या संचांत दोन साधे फासे टाकून त्यांत कौशल्याचा आकडा मिळवतात. बेरीज १० किंवा वर आली तर काम फत्ते, ७ ते ९ आली तर काम होते पण काहीतरी गमवावे लागते, ६ किंवा खाली आली तर गेम मास्टरची पाळी. कौशल्याचा आकडा शून्य असेल तर निखळ यशाची शक्यता ३६ मध्ये ६, आणि किंमत देऊन मिळणाऱ्या यशाची १५. आकड्यांच्या या मधल्या पट्ट्यातच सगळी गंमत आहे, कारण जादूची किंमत इथे वेगळा नियम म्हणून येत नाही, प्रत्येक फाशातच असते. मायकेल सँड्सचा मॉन्स्टर ऑफ द वीक याच जातीचा, आणि नवख्या टेबलाला तोच द्यावा. तयार पात्रपुस्तिका, प्रत्येक बैठकीला एक प्रकरण, आणि कोणी काही केले नाही तर संकट सहा टप्प्यांनी कसे वाढेल याची आधीच लिहिलेली उतरंड. जादू करताना ७ ते ९ आले की ती लागते, पण कुठेतरी चुकते. नारायण धारपांच्या समर्थकथा वाचून वाढलेल्या वाचकाला ही चौकट लगेच ओळखीची वाटेल: आजचे घर, आजची माणसे, आणि त्यांच्यात शिरलेले काहीतरी.

याच घराण्यातला अर्बन शॅडोज, मॅग्पाय गेम्सचा २०१५ चा, राजकारणासाठी आहे. माणसे, रात्रीचे जीव, सत्तेचे उपासक आणि रानचे परके अशा चार गटांत ओळखी आणि उपकार चालतात. उपकार लेखी नोंदले जातात, वसूल होतात, दुसऱ्याला विकलेही जातात. जादूची भ्रष्टता वेगळी साचते आणि शेवटी पात्राला शत्रूंच्या बाजूला नेते. नावात शहर असले तरी ज्या भागात पाण्यापासून नोकरीपर्यंत सगळे कोणाच्या तरी शब्दावर मिळते, तिथे हे उपकारांचे खाते शहरापेक्षा जास्त चालेल. सन ऑफ ओक संस्थेच्या सिटी ऑफ मिस्टमध्ये, २०१७ च्या, आजच्या माणसात एखादी दंतकथा जागी होते. एका बाजूला त्याचे रोजचे आयुष्य, दुसऱ्या बाजूला ती कथा, आणि एकाकडे दुर्लक्ष झाले की दुसरी त्याची जागा घेते. वेताळ, मुंजा, हडळ, जखीण, गिऱ्हा यांना भुते म्हणून मारण्यापेक्षा माणसाच्या आत राहू देणे ज्यांना आवडेल त्यांनी तो घ्यावा. किंमत तिथे स्वतःचे आयुष्यच असते.

ग्रामीण जादूसाठी खास लिहिलेला एक संच मात्र काळाच्या चौकटीबाहेरून आणावा लागतो. फ्री लीगचा व्हेसेन, २०२० चा, एकोणिसाव्या शतकातल्या उत्तर युरोपातला आहे. त्यातले अदृश्य जीव शेताचे, विहिरीचे, गिरणीचे. नवी यंत्रे आणि शहरात जाणारी माणसे यांनी जुना करार मोडला म्हणून ते बिथरलेले. गोळीने ते मरत नाहीत. प्रत्येकाचा विधी शोधून काढावा लागतो, आणि तो शोधता शोधता गावाने केलेला जुना अन्याय वर येतो. घोडागाड्या काढून समृद्धी महामार्ग ठेवायचा, तार काढून मोबाइल ठेवायचा, एवढ्या बदलाने तो आजच्या शहापुरात येतो, कारण त्याचा विषय काळ नसून गाव आणि यंत्र यांच्यातला तुटलेला करार आहे. तपासाची गोडी असलेल्या, पण पोलिसांची चौकट नको असलेल्या टेबलासाठी उंबरमाळीच्या मोहिमेला रिव्हर्स ऑफ लंडनच्या बरोबरीने याचा विचार व्हावा.

हे सगळे ठरवताना घरातल्या अडचणीही मोजाव्या लागतात. दहाबाजू, वीसबाजू फासे तालुक्याच्या बाजारात सहसा मिळत नाहीत, मागवावे लागतात. साधे सहाबाजू फासे ल्युडोच्या डब्यात असतात, आणि बेकर घराण्याचे संच, गर्प्स व व्हेसेन त्यांवर चालतात. फेटचे खास फासे नसतील तर साध्या फाशावर १-२ म्हणजे उणे, ३-४ म्हणजे शून्य, ५-६ म्हणजे अधिक असे धरले की काम भागते. शेकड्याच्या खेळासाठी शून्य ते नऊ आकड्यांच्या चिठ्ठ्या दोनदा काढल्या तरी चालते. पुस्तके इंग्रजीत असली तरी खेळ मराठीतच व्हावा. पात्राचा कागद आधी मराठीत करून घेतला की टेबलावर कोणी मागे पडत नाही, आणि जिथे कौशल्यांच्या नावांपेक्षा वाक्ये जास्त, तिथे हे काम सर्वांत सोपे. बैठकीला किती वेळ आहे तेही पाहावे. परतीची लोकल धरायची असेल तर दोन तासांत एक प्रकरण संपवणारा मॉन्स्टर ऑफ द वीक पुरतो, गर्प्सची लढाई पुरत नाही.

जिवंत श्रद्धेच्या भागात जादूचा खेळ रचताना नियमसंच कोणताही असो, दोन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. पहिली, कोणाच्या देवाला पात्र करायचे. वाघोबाची किंवा म्हसोबाची पूजा आज चालते. त्या देवतेला राक्षस म्हणून मारण्याचा प्रसंग रचणे हा शेजाऱ्याचा अपमान आहे. जवळपासचा पाडा, ओढा आणि दैवत यांची नावे कल्पित ठेवली की खेळाला मोकळीक मिळते आणि कोणाला लागत नाही. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. भुताळी ठरवून बाईला मारहाण करणे, वाळीत टाकणे हा आदिवासी भागातला खरा अत्याचार आहे. राज्याचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. त्यात सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे, आणि दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे. काल्पनिक खेळाशी त्याचा संबंध नाही, पण खेळातल्या जगात तो असलाच पाहिजे. ज्या मोहिमेत जादू खरी आहे तिथेही भुताळीचा आरोप खोटाच ठेवावा, आणि चमत्कार विकून पैसा करणारा बाबा खरा जादूगार निघू नये. खेळाडूंनी पहिल्या बैठकीत कोणते विषय टाळायचे ते उघड बोलून घ्यावे. जॉन स्टॅव्ह्रोपोलसने सुचवलेले एक्स-कार्ड टेबलावर ठेवले की मध्येच थांबवायला कोणाला कारण द्यावे लागत नाही.

निवड चुकली असे तीन-चार बैठकींनंतर दिसले तर मोहीम सोडण्याची गरज नसते. संच बदलताना आकडे तसेच नेण्याचा प्रयत्न करू नये, ते कधीच जुळत नाहीत. प्रत्येक पात्राबद्दल तीन गोष्टी लिहून घ्याव्या: ते कशात निष्णात आहे, त्याची जादू काय करू शकते, आणि आतापर्यंत त्या जादूसाठी कोणी काय गमावले. पहिल्या दोन गोष्टी नव्या पुस्तकातून पुन्हा निवडता येतात. तिसरी नव्या संचाच्या किमतीच्या खात्यात जशी बसेल तशी बसवावी: शहाणपणाच्या घटलेल्या आकड्यात, झिजलेल्या नात्यात, कोणाकडे तरी थकलेल्या उपकारात. संच दोन प्रकरणांच्या मधे बदलावा, चालू प्रकरणात नव्हे, आणि पहिली बैठक नव्या नियमांवर एक छोटे, कमी जोखमीचे प्रकरण घेऊन करावी.